दोन धातूंचा सांधा

पितळी व्हॉल्व्हमध्ये जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी, पाइप आट्यांवर बसवलेला असेल, तर गळती कुठून सुरू होणार हे बहुतेक वेळा आधीच सांगता येते. पितळ जसेच्या तसे राहते, पाइपचा मधला भागही धड असतो. जातात ते पितळाला लागून असलेले लोखंडाचे पहिले दोन-चार आटे. आधी सांध्याभोवती तांबूस डाग पडतो, मग भिंतीला ओल येते, आणि पाइप पान्याने सांधा सोडवायला जावे तर निप्पल, म्हणजे पाइपचा आखूड आटेदार तुकडा, आट्यांवरच मोडून अर्धे व्हॉल्व्हमध्ये अडकून राहते. इमारतींच्या देखभालीत वर्षे काढलेल्या प्लंबरला हे मोडलेले निप्पल चांगले ओळखीचे असते. पाइप हलका लागला असे म्हणून त्याच जागी तसाच तुकडा पुन्हा बसवला, तर तोही तिथेच जातो. बिघाड जोडणीत आहे हे ध्यानात आले नाही, तर दुरुस्ती कितीदाही केली तरी टिकत नाही.

दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि दोघांनाही एकच पाणी लागलेले, एवढ्यावर तिथे विद्युतघट तयार होतो. ज्या धातूची इलेक्ट्रॉन सोडण्याची ओढ जास्त, तो पाण्यात विरघळू लागतो. त्याला ॲनोड म्हणतात. त्याने सोडलेले इलेक्ट्रॉन धातूतून दुसऱ्या धातूकडे जातात आणि तिथे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ते घेतो. ही बाजू कॅथोड. कॅथोड झिजत नाही, उलट या जोडीमुळे एरवीपेक्षा अधिक सुरक्षित राहतो. हे घडायला चार गोष्टी लागतात: धातूंमधला फरक, इलेक्ट्रॉन जाण्यासाठी धातूची वाट, परतीसाठी पाण्याची वाट आणि ऑक्सिजन. यांतली एक जरी काढून घेतली तरी या प्रकारचे क्षरण थांबते किंवा नगण्य होते. प्रतिबंधाचे बहुतेक उपाय यांपैकी कशावर तरी घाव घालतात.

समुद्राच्या पाण्यात धातूंचा क्रम लावला, तर झिजण्याच्या टोकाला मॅग्नेशियम येते. मग जस्त, ॲल्युमिनियम, साधे पोलाद आणि बीड, पुढे शिसे व कथील, त्यानंतर पितळ, तांबे, कांसे, तांबे-निकेलचे मिश्रधातू, आणि टिकण्याच्या टोकाकडे स्टेनलेस स्टील, टायटॅनियम व ग्राफाइट. पितळ आणि तांबे या क्रमात शेजारी आहेत, म्हणून घरगुती पाण्यात त्यांची जोडी निर्धास्तपणे करता येते. ॲल्युमिनियम आणि तांबे यांची ओली जोडी मात्र टाळावीच. स्टेनलेस स्टीलचे स्थान त्याच्या पृष्ठभागावरच्या ऑक्साइडच्या पातळ थरावर अवलंबून असते; गॅस्केटखालच्या फटीत ऑक्सिजन पोहोचला नाही आणि तो थर मोडला, तर तेच स्टील क्रमात बरेच खाली घसरते. हा क्रम कोण झिजणार ते सांगतो. किती वेगाने झिजणार ते सांगत नाही. तक्त्यातले अंतर पाहून जोडी ठरवली आणि पुढचा विचारच केला नाही, म्हणून बिघडलेली कामे कमी नाहीत.

या क्षरणाचे शास्त्र कळण्याआधी त्याचा अनुभव आलेला होता. ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या लढाऊ जहाजाच्या तळाला लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून वाचवण्यासाठी तांब्याचा पत्रा ठोकला. वेस्ट इंडीजच्या सफरीनंतर तपासणी झाली तेव्हा पत्रा चांगला होता, पण तो धरून ठेवणारे लोखंडी खिळे खाल्ले गेले होते. काही खिळे मात्र शाबूत निघाले. पत्र्यांवरच्या वेष्टनाचा तपकिरी कागद त्या खिळ्यांच्या आणि तांब्याच्या मध्ये अडकून राहिला होता. दोन धातू एकमेकांना टेकू न देणे हा उपाय असा योगायोगाने हाती आला. इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टाने आपला विद्युतघट जाहीर केला तो त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी, १८०० मध्ये. आजच्या इन्सुलेटिंग फ्लँजमधली प्लास्टिकची नळी त्या कागदाचेच काम करते.

पाइपवर पहिला घाव आट्यांवरच का बसतो, याचे उत्तर बरेचसे मापांत आहे. मध्यम प्रतीच्या, म्हणजे बाजारात बी क्लास म्हणतात त्या अर्ध्या इंची जीआय पाइपची जाडी सुमारे २.६ मिलिमीटर असते. आट्यांची खोली सुमारे १.१६ मिलिमीटर. आटे पाडल्यावर त्यांच्या मुळाशी उरते सव्वा-दीड मिलिमीटर लोखंड, म्हणजे निम्म्याच्या आसपास. शिवाय पाइपला जस्ताचा मुलामा कारखान्यात दिलेला असतो आणि आटे कामावर पाडले जातात. डाय फिरली की मुलामा निघून जातो आणि उघडे लोखंड पितळात जाऊन बसते. एक मिलिॲम्पिअर प्रवाह वर्षभर वाहिला, तर सुमारे नऊ ग्रॅम लोखंड विरघळते. ही झीज सांध्याजवळच्या दोन सेंटिमीटर लांबीवर एकवटली असे धरले, तर आतला पृष्ठभाग होतो दहा चौरस सेंटिमीटर आणि जाडी कमी होते एक मिलिमीटरहून थोडी अधिक. उरलेल्या सव्वा मिलिमीटरपुढे हा आकडा ठेवला, म्हणजे एवढ्याशा प्रवाहाची ताकद लक्षात येते. गोड्या पाण्यात प्रवाह सहसा याहून कमी असतो, म्हणून सांधे काही वर्षे तग धरतात.

इथे जाणत्या माणसालाही एक शंका येते. पितळी नळ आणि जीआय पाइप ही जोडी जुन्या चाळींत आणि सोसायट्यांत दशकानुदशके चालत आली. मग तांब्याच्या टाकीच्या गिझरवरचे जीआय निप्पल इतक्या लवकर का जाते? उत्तर क्षेत्रफळात आहे, आणि या साऱ्या विषयात सर्वांत कमी पाहिली जाणारी गोष्ट हीच. कॅथोड जितका मोठा, तितका ऑक्सिजन त्याच्यावर पोहोचतो आणि तितका प्रवाह तो मागतो. ॲनोड मोठा असेल तर ती झीज सगळीकडे वाटली जाते. लहान असेल तर सगळा भार एका जागी येतो. नळात पितळ थोडे आणि मागे जस्ताचा मुलामा असलेला लांबलचक पाइप. तिथे झीज होते, पण वाटून. गिझरच्या टाकीत तांब्याचा सगळा आतला पृष्ठभाग एका बाजूला आणि बोटभर निप्पल दुसऱ्या बाजूला. वर पाणी गरम. ते निप्पल टिकेल अशी अपेक्षाच धरू नये.

हाच हिशेब नटबोल्टांना लागू पडतो. स्टेनलेस फ्लँजमध्ये जीआय बोल्ट बसवले, तर थोडक्या पैशांच्या बचतीपोटी सगळ्यात महत्त्वाचा भाग ॲनोड होतो. जीआय फ्लँजमध्ये स्टेनलेस बोल्ट बसवले तर बोल्ट सुरक्षित राहतात आणि फ्लँजची झीज मोठ्या पृष्ठभागावर पसरते. तांब्याचा पाइप धरणारा लोखंडी क्लॅम्प रबराचे अस्तर नसेल तर दमट जागी लवकर खाल्ला जातो. नियम थोडक्यात इतकाच: सांधा धरून ठेवणारा, लहान आणि बदलायला अवघड भाग नेहमी टिकणाऱ्या बाजूच्या धातूचा असावा.

रंगकामातही क्षेत्रफळाचा हा विचार सुटतो. झिजणाऱ्या धातूला रंग द्यावा हे सहज सुचते, आणि एकट्या त्यालाच रंग दिला तर ते धोक्याचे ठरते. रंगाला कुठेतरी ओरखडा येतोच. मग सगळ्या कॅथोडचा प्रवाह त्या टाचणीच्या टोकाएवढ्या उघड्या जागेतून निघतो आणि पाइपला आरपार भोक पडते. रंग नसता तर तोच पाइप सावकाश, सारखा झिजला असता. रंग द्यायचाच तर टिकणाऱ्या धातूला आधी द्यावा, शक्यतो दोघांनाही. समुद्राच्या पाण्यावर चालणाऱ्या कंडेन्सरमध्ये म्हणूनच नळ्या बसवलेल्या पत्र्यालाही लेप देतात, फक्त लोखंडी पेटीला देऊन थांबत नाहीत.

पाण्याची प्रत दुसरी मोठी गोष्ट. समुद्राचे पाणी नळाच्या पाण्यापेक्षा शंभर पट आणि अधिकही वीजवाहक असते. गोड्या पाण्यात प्रवाह फार दूर जाऊ शकत नाही, म्हणून झीज सांध्याजवळच्या काही सेंटिमीटरांत राहते. खाऱ्या पाण्यात लांबवरचा कॅथोडही कामाला लागतो. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा या तलावांतून मिळणारे पाणी मृदू, कमी क्षारांचे. त्याच इमारतीच्या टाकीत उन्हाळ्यात बोअरचे किंवा टँकरचे खारट पाणी मिसळू लागले, की वर्षानुवर्षे शांत असलेले सांधे गळायला लागतात. दख्खनच्या पठारावरच्या जड पाण्याचा पाइपच्या आत चुन्याचा थर बसतो. हा थर पाइप अरुंद करतो म्हणून त्याला नावे ठेवली जातात, पण सलग बसला तर तो धातूला पाण्यापासून दूरही ठेवतो. गरम पाण्यात आणखी एक गोष्ट घडते. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे, काही प्रकारच्या पाण्यांत, जस्त आणि लोखंड यांची भूमिका उलटू शकते. लोखंडासाठी झिजायचे ते जस्त मग लोखंडालाच झिजवू लागते. गरम पाण्याच्या लाइनला जीआय पाइप वापरू नये, या अनुभवी लोकांच्या सल्ल्याला असा आधार आहे.

ऑक्सिजनचा वाटा पाहायचा तर मोठ्या कार्यालयांतल्या वातानुकूलनाच्या चिल्ड वॉटर लाइनकडे पाहावे. पाइप पोलादाचे, कॉइल तांब्याची, व्हॉल्व्ह पितळ किंवा कांशाचे, आणि तरी ही लाइन वर्षानुवर्षे चालते. पाणी बंद चक्रात फिरते; त्यातला ऑक्सिजन सुरुवातीला थोडे लोखंड खाऊन संपतो आणि मग कॅथोडला करायला काही उरत नाही. पाण्यात क्षरणरोधक रसायनही असते. पण कुठे बारीक गळती असली आणि रोज नवे पाणी भरावे लागत असले, तर त्याबरोबर रोज नवा ऑक्सिजन आत येतो. भरणीच्या पाण्यावर मीटर बसवून त्याची नोंद ठेवणे हा तिथला क्षरणाविरुद्धचा फार चांगला आणि फार स्वस्त उपाय आहे.

धातूची वाट तोडणे हा सर्वांत थेट उपाय. लहान पाइपांसाठी डायइलेक्ट्रिक युनियन मिळते: एका बाजूला पोलाद, दुसऱ्या बाजूला तांबे किंवा पितळ, मध्ये रबरी वॉशर आणि प्लास्टिकची बाही. मोठ्या लाइनला इन्सुलेटिंग फ्लँज किट वापरतात. त्यात वीज न वाहू देणारे गॅस्केट, प्रत्येक बोल्टसाठी नळी आणि नटाखाली वॉशर असतात. यांतली एक नळी जरी फाटली किंवा बसवायची राहिली, तरी त्या एकाच बोल्टमधून सर्किट पूर्ण होते आणि बाकीचे किट असून नसल्यासारखे. म्हणून पाणी भरण्याआधी, लाइन कोरडी असताना, प्रत्येक बोल्ट आणि फ्लँज यांच्यातला रोध मीटरने तपासावा. पाणी भरल्यावर पाण्यातून आणि जमिनीतून वाटा मिळतात, आणि मीटरच्या आकड्याचा अर्थ लावणे कठीण होते. ग्राफाइटचे गॅस्केट इथे चालत नाही. ग्राफाइट वीज वाहून नेते आणि खाऱ्या पाण्यात स्टेनलेसलाही झिजवू शकते.

टेफ्लॉन टेपबद्दलचा समज पुसायला हवा. टेफ्लॉन वीज वाहून नेत नाही हे खरे, पण आटा आवळताना धारेवर टेप कापली जाते आणि धातू धातूला टेकतो. सुतळी-सफेद्याचेही तेच. दोन्ही गळती थांबवण्यासाठी आहेत, धातू वेगळे ठेवण्यासाठी नव्हेत.

युनियन बसवली तरी तिच्या दोन्ही बाजूंमध्ये पाणी असतेच. पाणी चांगले वीजवाहक असेल आणि दोन्ही बाजू बाहेरून कुठे जोडल्या गेल्या असतील, तर वॉशरच्या दोन मिलिमीटरांवरून प्रवाह सहज उडी घेतो. त्यापेक्षा हात-दीड हात लांबीचा सीपीव्हीसी किंवा पीपीआर पाइपचा तुकडा मध्ये घालणे चांगले. पाण्यातली वाट लांब झाली की रोध वाढतो. गिझरजवळ तापमान सोसणारा पाइपच हवा. प्लास्टिक घालता येत नसेल तर जाड पितळी निप्पल मध्ये द्यावे. त्याने सर्किट तुटत नाही, पण लोखंड तांब्यापासून लांब जाते आणि सोसायचे ते काम जाड भिंतीच्या, तांब्याच्या जवळच्या धातूकडे येते.

आता विजेच्या सुरक्षिततेचा प्रश्न, आणि तो क्षरणापेक्षा मोठा आहे. जुन्या घरांत नळाच्या पाइपलाच अर्थिंग समजून वायर बांधलेली आढळते. अशा लाइनमध्ये प्लास्टिकचा तुकडा घातला की पाइप टिकतो, पण त्यापुढचा सगळा धातू जमिनीपासून तुटतो. गिझरमध्ये वीज उतरली तर नळाला हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतते. म्हणून पाइप तोडण्याआधी गिझरला आणि बाकी उपकरणांना स्वतंत्र अर्थ वायर आहे, ती खरोखर अर्थपर्यंत जाते आणि अर्थ लीकेज सर्किट ब्रेकर चालतो, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. सुरक्षिततेसाठी दोन्ही बाजूंचे पाइप वायरने जोडावे लागले, तर धातूची वाट पुन्हा पूर्ण होते. अशा वेळी जोडणी काढू नये. क्षरणाला दुसरा उपाय शोधावा. प्लास्टिकच्या तुकड्याची लांबी इथेच कामाला येते. प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन एकमेकांशी न बोलता कामे करतात तेव्हा यातला एक धोका मागे राहतोच.

पाणी कोणत्या दिशेने वाहते यालाही महत्त्व आहे, आणि इथे दोन धातू एकमेकांना टेकलेले असण्याची गरज नाही. तांब्याच्या पाइपमधून वाहणारे पाणी, विशेषतः मृदू आणि किंचित आम्लधर्मी असेल तर, तांब्याचे सूक्ष्म अंश उचलते. पुढे जीआय पाइप किंवा ॲल्युमिनियम आले की ते अंश तिथे ठिकठिकाणी बसतात, प्रत्येक ठिपक्याचा एक कॅथोड होतो आणि त्याच्याभोवती खड्डा पडतो. डायइलेक्ट्रिक युनियन यावर काहीच करू शकत नाही. म्हणून वाहत्या पाण्याच्या लाइनमध्ये जीआय आधी, तांबे नंतर. पाणी चक्राकार फिरत असेल तर आधी-नंतर उरत नाही. तिथे जस्ताचा मुलामा आणि तांबे एकत्र न आणणे हेच बरे. सोलर हीटरची परतीची लाइन जीआय टाकीत सोडताना हे विसरले जाते.

बोअरमध्येही दोन धातूंच्या जोडीचा खेळ चालतो, फक्त डोळ्यांआड. स्टेनलेस बॉडीचा सबमर्सिबल पंप, त्यावर जीआयचा कॉलम पाइप, सगळे खारट पाण्यात बुडालेले. पंपाला लागून असलेला पहिला पाइप आट्यांवर जातो आणि मोटर बोअरमध्ये पडण्याची वेळ येते. यूपीव्हीसी कॉलम पाइप आल्यापासून ही अडचण पुष्कळ कमी झाली. जीआयच वापरायचा तर पंप बाहेर काढला जाईल त्या प्रत्येक वेळी पहिला पाइप आट्यांपाशी नीट पाहावा आणि शंका आली तर बदलावा.

जमिनीखालच्या लाइनला झिजवणारा कॅथोड अनेकदा दुसरा पाइप नसतोच. काँक्रीटमधल्या सळ्या अल्कधर्मी वातावरणामुळे सुरक्षित थराखाली असतात आणि मातीतल्या उघड्या पोलादापेक्षा टिकण्याच्या बाजूला सरकतात. पाइप भिंतीतून आत जाताना सळीला टेकला, किंवा अर्थिंगमधून जोडला गेला, तर इमारतीच्या पायातले सारे पोलाद कॅथोड आणि बाहेरचा पाइप ॲनोड होतो. तांब्याच्या अर्थ प्लेटशी जोडलेल्या लाइनचेही असेच. पाइप भिंतीतून नेताना प्लास्टिकची बाही घालणे, त्याला चांगले वेष्टन देणे आणि इमारतीत शिरण्याआधी इन्सुलेटिंग सांधा ठेवणे, हे बांधकाम चालू असताना अगदी सोपे असते. नंतर ते करायला फरशी फोडावी लागते.

झिजायचेच तर मुद्दाम ठेवलेल्या धातूने झिजावे, ही कल्पना ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्हीने १८२४ मध्ये मांडली. जहाजांच्या तांब्याला त्याने लोखंडाचे व जस्ताचे तुकडे जोडले. तांबे वाचले, पण विरघळणे थांबल्याने त्याचा विषारी परिणामही थांबला आणि तळाला शेवाळ व शिंपले चिकटू लागले. पोलादी बोटींना ती अडचण नव्हती. कोकण किनाऱ्यावर बोटींच्या पोलादी तळाला, कांशाच्या पंख्याजवळ, जस्ताचे ठोकळे लावतात ते याच तत्त्वावर. काच-लेपाच्या पोलादी टाकीच्या गिझरमधली मॅग्नेशियमची कांडीही तीच. ही कांडी संपण्यासाठीच असते, पण सर्व्हिसिंगला ती बाहेर काढून पाहिली जात नाही आणि टाकी फुटल्यावरच तिची आठवण होते. जड किंवा खारट पाणी असेल तिथे ती वर्षातून एकदा तरी काढून पाहावी, आणि आतली तार दिसू लागली असेल तर लगेच बदलावी. कांडी टाकीच्या आतला भाग वाचवते. पाण्यातला रोध आड येत असल्याने बाहेरच्या निप्पलपर्यंत तिचा हात पोहोचत नाही.

शेवटी जुन्या लाइनमधला नवा तुकडा. धातू एकच असला तरी जमिनीत वर्षानुवर्षे राहिलेला, गंजाचा थर चढलेला पाइप आणि कालच आणलेला चकचकीत पाइप हे क्षरणाच्या दृष्टीने दोन वेगळे धातू ठरतात. नवा तुकडा ॲनोड होतो आणि जुन्याच्या आधी जातो. ‘आताचा माल पूर्वीसारखा राहिला नाही’ ही तक्रार अशा वेळी हमखास ऐकू येते, आणि दुकानदाराला विनाकारण दोष मिळतो. तुकड्याच्या दोन्ही टोकांना इन्सुलेटिंग सांधा द्यावा, किंवा तुकडाच प्लास्टिकचा घालावा. लेप द्यायचा असेल तर फक्त नव्या तुकड्याला देऊन थांबू नये; खणलेल्या चरात जुन्या पाइपचा जितका भाग उघडा पडला असेल, तोही साफ करून गुंडाळून टाकावा.